श्रेष्ठ की प्रभावी? : भयपटांच्या निवडीचा एक विचार

सर्वश्रेष्ठ आणि सर्वाधिक प्रभावी भयपट कोणते, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यातील 'आणि' या अव्ययाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्रेष्ठता हा मूल्यनिर्णय आहे. प्रभाव हे ऐतिहासिक विधान आहे. पहिल्याची सिद्धता संहितेच्या अंतर्गत संघटनेतून करावी लागते, दुसऱ्याची नंतरच्या संहितांमधून. केशवसुतांचे स्थान ठरवताना 'प्रवर्तक कवी' आणि 'श्रेष्ठ कवी' या दोन भूमिकांची जी गल्लत मराठी वाङ्मयेतिहासात अनेकदा झाली, तीच भयपटांच्या याद्यांमध्ये होताना दिसते. प्रस्तुत लेखात मुंबईत निर्माण झालेल्या किंवा महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित असलेल्या काही चित्रपटांच्या आधारे हे दोन निकष वेगळे करून पाहण्याचा प्रयत्न आहे.

भय हा विषय आपल्या काव्यशास्त्राला परका नाही. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानकाचा समावेश आहे. शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स यांपासून अनुक्रमे हास्य, करुण, अद्भुत आणि भयानक यांची उत्पत्ती होते, असेही त्याने म्हटले आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे स्वरूप उलगडताना 'शाकुंतला'तील, बाणाच्या भीतीने धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. भ्यालेले ते विशिष्ट हरिण आणि भिववणारा तो विशिष्ट राजा हे दोन्ही गळून पडतात आणि देशकालाच्या मर्यादेबाहेरचे निखळ भय रसिकाच्या प्रत्ययाला येते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे साधारणीकरणाचे एक कळीचे उदाहरणच भयाचे आहे. असे असूनही विसाव्या शतकातील मराठी समीक्षेने भयसाहित्याची गणना बहुतांशी रंजनपर लेखनात केली. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कादंबऱ्या फिरत्या वाचनालयांतून वाचून झिजल्या, पण अभ्यासक्रमांपर्यंत क्वचितच पोहोचल्या. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या नाटकांकडे समीक्षेचे जेवढे लक्ष गेले, तेवढे त्यांच्या गूढकथांकडे गेले नाही. तेव्हा भयपटांची निवड हा केवळ आवडीनिवडीचा खेळ राहत नाही. आपण कोणत्या अनुभवाला विचारार्ह मानतो, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला असतो.

प्रभावाच्या निकषावर आरंभ 'महल'पासून (१९४९) करावा लागतो. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मालाड येथे स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिलाच प्रयत्न होता. छायालेखक जोसेफ विर्शिंग हे मूळचे जर्मन. रायांच्या काळापासून ते या संस्थेशी निगडित होते. जुन्या हवेलीत आलेल्या नायकाला भिंतीवर स्वतःसारख्याच माणसाचे चित्र दिसते, एक स्त्री दिसते आणि नाहीशी होते. ही स्त्री प्रेतात्मा आहे, असे नायकाइतकेच प्रेक्षकालाही वाटत राहते. अखेरीस ती माळ्याची मुलगी निघते. तोदोरोव यांनी अद्भुताची जी व्याख्या केली, तिच्यात लौकिक आणि अलौकिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता हाच त्या प्रकाराचा प्राण मानला आहे. 'महल'चे जवळजवळ सर्व सामर्थ्य या दोलायमानतेत आहे. भूत खरे असलेच पाहिजे, ही अट भयपटाला घातली तर 'महल' यादीतून बाद होतो. आणि तो बाद झाला की पुढच्या अर्ध्या इतिहासाची संगती लागत नाही.

ही संगती केवळ कथासूत्राच्या साम्यावर अवलंबून नाही. 'महल'चे संकलक बिमल रॉय होते. पुढे त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या 'मधुमती'त (१९५८) जुना वाडा, भिंतीवरचे चित्र, पूर्वजन्म आणि मृत स्त्रीशी असलेले साम्य ही सारी सामग्री पुन्हा येते. फरक एवढाच, की येथे भूत खरे ठरते. प्रभाव हा येथे एका कारागिराच्या हातातून झालेला संक्रमणाचा व्यवहार आहे. दुसरी वाट गीताची आहे. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या आणि लता मंगेशकर यांनी गायिलेल्या 'आएगा आनेवाला' या गीताने, दिसण्यापूर्वी ऐकू येणारी स्त्री हा संकेत रूढ केला. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी' (१९६४) या दोन्ही चित्रपटांत तो ठळकपणे आढळतो. पाश्चात्त्य भयपटांच्या इतिहासात हे कार्य गीताकडे नाही. म्हणून तिकडची प्रतिमाने जशीच्या तशी उचलल्यास आपल्या परंपरेतील प्रभावाचे मुख्य वाहनच नजरेआड होते.

मराठीतील समांतर उदाहरण म्हणजे वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). येथेही भीतीचा माग भुतापाशी न थांबता माणसाच्या मनापर्यंत नेला जातो. प्रबोधनाचा वारसा सांगणाऱ्या समाजात भुताला पडद्यावर येण्यासाठी जणू बुद्धिवादाचा परवाना घ्यावा लागत होता. परंतु प्रेक्षकाच्या स्मृतीत उलगडा टिकला नाही. सुधीर मोघे आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे गीत टिकले. चार दशकांनंतर, २०१६ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेने 'रात्रीस खेळ चाले' हे शीर्षक त्याच गीतातून घेतले. संहितेचा हेतू एक आणि तिचा प्रभाव दुसरा, हे यातून स्पष्ट व्हावे.

श्रेष्ठतेचा निकष लावल्यास मात्र प्रस्तुत लेखकाची निवड वेगळी होते. विकास देसाई आणि अरुणाराजे यांच्या 'गहराई'ने (१९८०) पुढे फारशी परंपरा निर्माण केली नाही. झपाटलेल्या मुलीची कथा असल्यामुळे 'द एक्झॉर्सिस्ट'शी (१९७३) तिची तुलना होणे स्वाभाविक आहे. परंतु ती वरवरची आहे. अमेरिकन चित्रपटात अनिष्ट शक्ती बाहेरून घरात शिरते आणि धर्मसंस्थेच्या बळावर तिला हुसकावले जाते. 'गहराई'त शहरवासी कुटुंबप्रमुख गावाकडची जमीन कारखान्याला विकतो, ती जमीन राखणाऱ्या वृद्ध गड्याचा शब्द मोलाचा मानत नाही, आणि मुलीच्या तोंडून बाहेर पडते ते बापाचेच जुने पाप. डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलेला हा विवेकनिष्ठ गृहस्थ भुतावर विश्वास ठेवत नाही, ही त्याची चूक नव्हे. स्वतःच्या इतिहासावर तो विश्वास ठेवत नाही, ही त्याची शोकांतिका आहे. भयाचे कारण आणि भयाचे रूप यांची अशी एकात्म बांधणी आपल्या भयपटांत दुर्मीळ आहे.

याच काळात रामसे बंधूंनी 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) ते 'पुराना मंदिर' (१९८४) या टप्प्यात भयपटाला लहान गावांतील चित्रपटगृहांपर्यंत नेले. त्यांची पद्धत भरताच्या वचनाचा जणू शब्दशः अवलंब करणारी, बीभत्सातून भयानक उत्पन्न करणारी होती. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने (१९९३) भयानकाला हास्याच्या आश्रयाला नेले. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून बोलणारा तात्या विंचू मराठी मुलांच्या एका पिढीचे पहिले भय आणि पहिला विनोद एकाच वेळी ठरला. या चित्रपटांना श्रेष्ठ म्हणणे कठीण आहे. प्रभावी न म्हणणे त्याहून कठीण.

अलीकडच्या दोन चित्रपटांनी 'गहराई'चे सुटलेले सूत्र पुन्हा हाती घेतले आहे. त्यांनी ते तिथूनच घेतले, असे मात्र म्हणता येणार नाही. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) उसाच्या फडातील भूत हे स्त्रीभ्रूणहत्येचे आणि बालिकाहत्येचे न संपलेले खाते आहे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ला (२०१८) धारपांच्या कथेची प्रेरणा आणि श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीतील गावाचे नाव लाभले आहे. १९१८ ते १९४७ या काळातील कोकणातल्या वाड्यात लोभ पिढीजात वतनासारखा बापाकडून मुलाकडे जातो. यांपैकी पहिला मराठीतून हिंदीत नव्याने आला ('छोरी', २०२१). दुसरा मराठी भूमीचा असून हिंदीतच घडला. भाषावार याद्या करणाऱ्यांनी हे दोन्ही कोठे ठेवावेत? 'तुंबाड'ने २०२४ च्या पुनःप्रदर्शनात मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले, ही घटनाही बोलकी आहे. याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर प्रेक्षकांचे अपेक्षाक्षितिज सहा वर्षांत संहितेपर्यंत सरकले. प्रभावाची यादी म्हणूनच कधी अंतिम नसते.

तात्पर्य, 'महल' सर्वाधिक प्रभावी आणि 'गहराई' सर्वश्रेष्ठ, अशी दोन वेगळी विधाने करणे अधिक प्रामाणिक ठरेल. दुसऱ्या विधानाशी मतभेद होऊ शकतो, व्हावाही. पहिल्याचे खंडन मात्र पुराव्यानेच करावे लागेल. बॉम्बे टॉकीज बंद पडल्यावर मालाडच्या त्या आवारात लहानमोठे उद्योग आले. जागेला नाव तेवढे जुनेच राहिले. उपनगरांतील महाविद्यालयांत शिकणारे आपले विद्यार्थी त्या परिसरातून रोज ये-जा करतात. भयानक रसाची व्याख्या ते परीक्षेपुरती पाठ करतात आणि भयपट घरी पाहतात. या दोहोंचा संबंध त्यांना कोणी सांगत नाही. तो सांगणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते बराच काळ राहून गेले आहे.