सत्काराचं जेवण आणि डॉक्टरांचं बिल

मागच्या व्याख्यानात दान आणि कर्तव्य यांतला फरक आपण पाहिला. आज त्याच धाग्याने एका जेवणावळीकडे जाऊ. ती आहे अमेरिकेतली. पाश्चात्त्य संगीतातलं आमचं ज्ञान बेताचंच, हे आधीच कबूल करतो. पण ही हकीकत आम्हांला सोडवत नाही.

ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीने १९८९ साली 'म्युझिकेअर्स' नावाची धर्मादाय संस्था काढली. आजारपण, व्यसन, थकलेलं घरभाडं अशा अडचणींत सापडलेल्या संगीतकारांना मदत करणं हे तिचं काम. पैसा उभा करण्यासाठी १९९१ पासून सत्कार-भोजन सुरू झालं. ग्रॅमीच्या सुमारास एका नामवंताला 'पर्सन ऑफ द इयर' म्हणून गौरवायचं, इतरांनी त्याची गाणी गायची, धंद्यातल्या मंडळींनी महागडी टेबलं विकत घ्यायची, शिवाय लिलाव. पहिला मान डेव्हिड क्रॉस्बीला मिळाला. गंमत बघा, हेच गृहस्थ १९८०च्या दशकात अमली पदार्थांच्या पायी टेक्सासमध्ये तुरुंगात होते. सत्कारमूर्ती आणि मदत मागणारा यांच्यात अंतर ते किती!

आपल्याकडे १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. तिथे कलावंतांनी देशकार्याला दिलं. इथे धंदा आपल्याच कलावंतांना देतो, आणि अवघड प्रश्न नेमका इथेच सुरू होतो.

६ फेब्रुवारी २०१५. लॉस एंजेलिसला बॉब डिलनचा सत्कार. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर व्यासपीठावर, गायला नील यंग, ब्रूस स्प्रिंगस्टीन अशी मंडळी. डिलन स्वतः गायले नाहीत. अर्ध्या तासाहून अधिक बोलले. एरवी मोजकं बोलणारा माणूस! जुने हिशेबही त्यांनी चुकते केले, ते सोडा. आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते शेवटाकडे घेतलेलं एक नाव, बिली ली रायली.

हे रायली आर्कान्सामधले, १९३३ चा जन्म. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये, म्हणजे एल्विस प्रेस्ली जिथून पुढे आला तिथेच, १९५७ साली त्यांनी 'रेड हॉट' गायलं. पण कंपनीचं लक्ष जेरी ली लुईसकडे वळलं आणि रायली मागे पडले, असं सांगतात. २००९ मध्ये कर्करोगाने ते गेले. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांची बिलं म्युझिकेअर्सने भरली, आणि या उपकाराची परतफेड होऊ शकत नाही, अशा अर्थाचं डिलन बोलले.

आता आम्ही विचारतो, ही बिलं भरायला धर्मादाय संस्था का लागावी? अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो, आणि वादकाला कायमची नोकरी कुठली? दुसरं कारण कायद्यातलं आहे. तिथल्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गीत-संगीत रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळते, गाणाऱ्याला काहीही नाही. 'रेड हॉट' रचलं बिली एमर्सन यांनी. म्हणजे आवाज रायलींचा, पण रेडिओचा पैसा त्यांच्याकडे येणारच नव्हता. १९९५ मध्ये डिजिटल प्रसारणापुरता गायकाचा हक्क मान्य झाला, पण १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याने तो हक्क मिळायला २०१८ उजाडलं. रायलींना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

कांट यांनी १७९७ च्या 'मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स'मध्ये एक टोचणारा मुद्दा मांडलाय. काहींच्या हाती दान करण्याइतकं धन येतं ते बहुधा अन्याय्य व्यवस्थेमुळे. मग त्यांनी केलेल्या मदतीला परोपकार म्हणायचं तरी का? आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, पण उदाहरण हाती लागलं ते निवृत्तीनंतर.

म्हणून ते जेवण ढोंग होतं का? तसं आम्ही म्हणणार नाही. रायलींना उपचार हवे होते, कायदा बदलेपर्यंत थांबायला सवड नव्हती. पण डिलन ज्याला न फिटणारं ऋण म्हणतात, ते आमच्या मते उलट्या बाजूला आहे. ऋणको रायली नव्हेत, त्या दालनात टेबलं घेऊन बसलेला धंदा.

पुढच्या वेळी कांटचा तो परिच्छेदच वाचायला घेऊ.