आडव्या गाठी

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून ह्या शहराच्या कामगाराला एक गोष्ट पाठ आहे. उभे धागे कितीही चांगले असोत, आडवा धागा पडल्यावाचून कापड होत नाही. आज त्याच शहराच्या दक्षिणेस, खापरी-शिवणगावच्या शेतजमिनीवर मिहान उभे आहे. तेथे सुताऐवजी राळ, प्लॅस्टिक आणि कार्बनचे धागे हाताळले जातात. परंतु नियम जुनाच आहे. तो कसा कसा उमगत गेला, हे आपल्या मुलांनी जाणावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

प्लॅस्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. आच लागली की त्या घसरतात आणि वस्तू मऊ पडते. दोन साखळ्यांमध्ये आडवी गाठ पडली, की घसरणे थांबते. शास्त्रज्ञ ह्यास क्रॉसलिंकिंग म्हणतात. आम्ही गाठच म्हणू.

कारखान्यांतील ह्या गाठीचा इतिहास चार्ल्स गुडइअर ह्या अमेरिकन माणसापासून सुरू होतो. तो रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. लोखंडी सामानाचा धंदा बुडालेला, कर्जापायी तुरुंग पाहिलेला असा तो गृहस्थ. त्या काळी रबर उन्हाळ्यात चिकटे व थंडीत तडके. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापल्या चुलीला लागले, आणि वितळण्याऐवजी चिवट झाले. गंधकाने गाठी मारल्या होत्या. १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज होते. शोध एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, ही रीत आम्हां कामगारांना नवी नाही.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडात सापडले. १९५२ साली हार्वेल येथे आर्थर चार्ल्सबी ह्यांनी ते अणुभट्टीच्या किरणांत ठेवून दाखविले, की गंधकाशिवाय, नुसत्या किरणांनीही गाठी पडतात. असे पॉलिथिन तापवले तर मऊ होते, पण वाहून जात नाही. पुढे पेरॉक्साइडनेही हेच काम साधले. त्याला भट्टीची उष्णता लागते आणि मालात वास मागे राहतो. किरणांना भट्टी लागत नाही. विजेच्या केबलीवर साधे पॉलिथिन सुमारे ७० अंश सेल्सिअस सोसते. गाठी पडल्यावर तेच ९० अंश सतत सोसते.

मात्र सारे मात्रेवर आहे. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ६० ते ९० ग्रे इतकेच किरण देतात. तुर्भ्याच्या ‘आयसोमेड’ने १९७४ पासून औषधोपचाराचे सामान निर्जंतुक करण्यास २५,००० ग्रे दिले. तारेच्या आवरणाला लाखाच्या घरात लागतात. वाशी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन-त्वरकावर असे काम झाले आहे. कित्येकांना वाटते की अशी तार किरणोत्सर्गी होते. ती होत नाही. धोका यंत्र चालू असताना जवळ जाण्यात आहे. म्हणून जाड काँक्रीटच्या भिंती, आणि तयार होणारा ओझोन बाहेर काढणारे पंखे हवेत. हा खर्च वाचवू देणे म्हणजे कामगाराची छाती गहाण टाकणे होय.

आता मिश्रणांकडे वळू. दोन प्लॅस्टिके बहुधा तेल-पाण्यासारखी फटकून राहतात. नीट घुसळून वेळीच गाठी मारल्या, तर ती पुन्हा सुटी होत नाहीत. पण एकाच किरणाचा गुण सर्वांना सारखा नसतो. पॉलिथिनच्या साखळ्या तो बांधतो. पॉलिप्रॉपिलिनच्या आणि टेफ्लॉनच्या साखळ्या तोडतो. आणि बांधलेले सारेच चांगले असेही नाही. गाठी फार झाल्या की माल ठिसूळ होतो. शिवाय एकदा गाठ पडली की तो माल वितळवून पुन्हा ओतता येत नाही. भंगारवाल्याच्या हाती ओझे राहते.

ह्यावरही तोड निघाली. रबर आणि पॉलिप्रॉपिलिन एकत्र घुसळताना गाठी केवळ रबराच्या कणांत मारायच्या, भोवतीचे प्लॅस्टिक मोकळे ठेवायचे. माल रबरासारखा लवतो आणि तरीही पुन्हा वितळतो. १९६० च्या दशकात ही वाट सापडली व १९८० नंतर बाजारात रुळली.

मिहानातील टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या तुळया कार्बनधाग्यांच्या झाल्या. तसल्या कामात राळ लावलेल्या धाग्यांची गुंडाळी थंडीत ठेवावी लागते. बाहेर राहिली तर राळेत आपोआप गाठी पडू लागतात व महागडा माल वाया जातो. हे का होते, हे ज्या पोराला कळते तो कारागीर. ज्याला नुसते बटण ठाऊक, त्याची जागा उद्या दुसरे यंत्र घेईल. शेते गेलेल्या गावांच्या मुलांना मिहानात नोकरीबरोबर ही विद्याही मिळाली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

संघटनेतही आम्ही हेच शिकलो: कोठे बांधावे आणि कोठे मोकळे सोडावे, हे ज्याला समजले त्याचाच माल टिकतो.