जबड्याच्या गाठींचा नकाशा

1957 साली युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात वैद्य ह्यू ट्रॉवेल यांनी आपले शल्यवैद्य सहकारी डेनिस बर्किट यांना ज्या पाच वर्षांच्या बालकाच्या खाटेपाशी बोलावले, त्याचा जबडा दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, सुजून विद्रूप झाला होता. पुढे काही आठवड्यांतच जिंजा येथे तशाच गाठी असलेले दुसरे मूल दृष्टीस पडले, तेव्हा बर्किट यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे उलगडली. जबड्याच्या, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या म्हणून निरनिराळ्या रकान्यांत नोंदलेल्या गाठी एकाच रोगाची रूपे असाव्यात, हे बालपणीच एक डोळा गमावलेल्या या गृहस्थास दिसले, याचे नवल वाटते.

1961 च्या ऑक्टोबरात दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या फोर्ड गाडीतून त्यांनी सुमारे 10,000 मैलांची मजल मारली आणि वाटेतील प्रत्येक रुग्णालयात एकच चौकशी केली: असा रोगी येथे येतो काय? विषुववृत्तानजीक सुमारे 5,000 फुटांवरील मुलखात रोग आढळेना, आणि दक्षिणेकडे ही सीमारेषा खाली खाली उतरत गेली. तेव्हा उंचीचे केवळ निमित्त असून खरे कारण उष्णता आणि पर्जन्य यांत आहे, हे उघड झाले. नकाशा जणू मलेरियाचाच होता, आणि डासच एखादा विषाणू पसरवीत असावा असा तर्क निघाला.

तर्क चुकीचा होता, पण फलदायी ठरला. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला बर्किट यांचे व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एप्स्टाइन यांनी युगांडाहून गाठींचे नमुने मागविण्याची तजवीज केली, आणि 1964 साली बर्ट अचोंग व इव्हॉन बार यांच्यासह त्यांत एक नवा विषाणू दाखविला. मात्र तो पसरतो लाळेतून, आणि जगातील बहुतेक प्रौढांच्या देहात तो आयुष्यभर निमूटपणे राहतो. मग गाठी आफ्रिकेच्या याच पट्ट्यात का? वारंवारच्या मलेरियाने बी-पेशींना अखंड विभाजनास प्रवृत्त केले जाते, हे त्याचे एक उत्तर. त्या धांदलीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्यावर जाऊन बसतो, असे 1976 साली दिसून आले. त्या तुकड्यावर पेशीच्या वाढीस हुकूम देणारे मिक नावाचे जनुक असते, हे 1982 मध्ये उमगले. ही अदलाबदल मातापित्यांकडून आलेली नसते. ती त्या बालकाच्या एकाच पेशीत घडते, आणि प्रतिपिंडे घडविणाऱ्या जनुकाच्या शेजारी, जेथे बी-पेशीचा कारखाना अहोरात्र चालू असतो, तेथे तो हुकूम थांबतच नाही.