दिव्याच्या तारेपासून चिपच्या तळापर्यंत

दोन धातूंची जोडपट्टी तापवली की वाकते, हे आपण वर्गात दाखवतो. विद्युत् उपकरणे बनवणाऱ्यांना मात्र हे असमान प्रसरण शंभर वर्षांहून अधिक काळ छळत आले आहे.

सुरुवातीच्या विजेच्या दिव्यांत काचेतून आत जाणारी तार प्लॅटिनमची असे. कारण प्लॅटिनम आणि काच तापल्यावर जवळजवळ सारख्याच फुगतात. न जुळणारी तार घातली, तर सांधा फुटून हवा आत शिरे. या महागड्या तारेला १९१०च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत कॉलिन फिंक यांनी पर्याय दिला : लोखंड-निकेलचा गाभा आणि वर तांब्याचे आवरण. १९३०च्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीत लोखंड, निकेल व कोबाल्ट यांचा कोव्हार हा मिश्रधातू तयार झाला. पुढे ट्रान्झिस्टर आणि चिप यांच्या कवचांसाठीही तो वापरला गेला.

पण चिप अधिकाधिक तापू लागल्या. कोव्हारचे प्रसरण जुळते, मात्र त्याची उष्णतावाहकता तांब्याच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. ॲल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेते. पण १ सेंटिमीटर लांबीचा तुकडा १०० अंश सेल्सिअसने तापवला, तर सिलिकॉन सुमारे ३ मायक्रोमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम २३. असे हजारो वेळा तापले-निवले की मधला डाख चिरतो.

एका धातूत दोन्ही गुण मिळेनात, म्हणून आम्ही पदार्थवैज्ञानिक संमिश्रांकडे वळलो. सिलिकॉन कार्बाइड कमी फुगते आणि उष्णताही चांगली वाहते. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये घनफळाच्या ६० ते ७० टक्के हवेत. इतके कण वितळलेल्या धातूत ढवळताच येत नाहीत. म्हणून आधी कणांचा सच्छिद्र ठोकळा करून त्यात दाबाने धातू भरतात. दाब लागतो, कारण वितळलेले ॲल्युमिनियम या कणांना सहजी भिजवत नाही; अळवाच्या पानावरचे पाणीच जणू! १९८०च्या दशकात अमेरिकेतील लँक्साइड कंपनीने दाखवले, की ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम मिसळून भोवती नायट्रोजन ठेवला, तर धातू दाबाविनाही आत शिरतो. तयार वस्तू इतकी कठीण असते, की ती कापायला हिऱ्याची हत्यारे लागतात. म्हणून ठोकळा सुरुवातीलाच अंतिम आकाराचा करतात. आज रेल्वे इंजिनांतील विद्युत् नियंत्रकांच्या तळाशी अशा चकत्या असतात.

विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे. वरच्याच मापात सिलिकॉन कार्बाइड ४ मायक्रोमीटर वाढते. कण ६३ टक्के आणि धातू ३७ टक्के धरून सरासरी ११ येते. प्रत्यक्षात वाढ सुमारे ८ भरते. असे का? ताठ कण मऊ धातूला मोकळेपणी फुगू देत नाहीत. संमिश्र म्हणजे घटकांची नुसती बेरीज नव्हे, हे यातून दिसते.