हार्लेममधील ६०६ रुग्ण : स्तनाच्या शस्त्रक्रियेत ‘निवड’ कोणाची?

१९६७ साली हॅरल्ड फ्रीमन हे तरुण कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे उत्तम शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. समोर येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या स्तनातील गाठ मात्र इतकी वाढलेली असे, की त्या शिक्षणाचा उपयोग करण्याची वेळच टळून गेलेली असे.

अमेरिकेतील वैद्यकीय संशोधनात गेली काही दशके एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : स्तनाच्या कर्करोगात कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय स्त्रिया वेगवेगळ्या शस्त्रक्रिया का निवडतात? या प्रश्नातील ‘निवडतात’ या क्रियापदापाशी जरा थांबायला हवे.

कारण दीर्घकाळ निवड कोणालाच नव्हती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ‘रॅडिकल मॅस्टेक्टॉमी’चा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्यामागचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी, सारे एकदम काढून टाकायचे. पुढची सुमारे पाऊण शतके अमेरिकेत हीच वहिवाट होती. पुष्कळदा तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे आणि स्तन काढणे एकाच भुलेखाली उरकले जाई. शुद्धीवर आल्यावर स्त्रीला कळे, की स्तन गेला. १९७४ मध्ये स्वतः रुग्ण झालेल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी या प्रथेविरुद्ध मोठी लढाई केली.

१९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर केवळ गाठ काढून (लम्पेक्टॉमी) किरणोपचार दिलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगत होत्या. १९९० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने अशा रुग्णांसाठी स्तन वाचवणारी पद्धत अधिक श्रेयस्कर ठरवली. ‘निवड’ खऱ्या अर्थाने इथे जन्माला आली.

पण तिला एक अट होती. किरणोपचार म्हणजे त्या काळी आठवड्यातून पाच दिवस, सलग पाच-सहा आठवडे रुग्णालयाची वारी. रजा न मिळणारी नोकरी, घरी लहान मुले, दूरचे केंद्र. अशा स्त्रीला पूर्ण स्तन काढून मोकळे होणे सोपे वाटले, तर तिला निवड म्हणावे का? उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. लम्पेक्टॉमी झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना नंतरचे किरणोपचार श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कमी प्रमाणात मिळाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. शस्त्रक्रियेच्या तक्त्यात दोघी एकाच रकान्यात. प्रत्यक्षात एकीचा उपचार अर्धवट.

आता पुन्हा हार्लेम. १९६४ ते १९८६ या काळात तिथे उपचार घेतलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६०६ रुग्णांची माहिती फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. ९४ टक्के रुग्ण कृष्णवर्णीय, सारे गरीब, जवळपास निम्म्यांकडे विमा नाही. पहिल्या टप्प्यात आलेले अवघे ६ टक्के. सुमारे निम्मे तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यातले. पाच वर्षे जगलेले ३९ टक्के. फिशर यांची चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी होती; या निम्म्या रुग्णांपर्यंत तो पर्याय पोहोचलाच नाही.

इतका उशीर का? १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैशातून रुग्णालये बांधताना वंशानुसार ‘स्वतंत्र पण समान’ सोयींना मुभा दिली होती. ती १९६३ मध्ये न्यायालयात कोसळली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभावाला बंदी केली. १९८५ मध्ये पन्नाशीत असलेली, दक्षिणेतून आलेली स्त्री विभागलेल्या दवाखान्यांतच वाढली होती. डॉक्टरकडे जाणे टाळण्याची सवय अशी अंगी मुरते. त्यात गरिबी. फ्रीमन स्वतः वंशाइतकाच, किंबहुना अधिक, गरिबीवर भर देत.

शरीरशास्त्राचा वाटाही नाकारता येत नाही : संप्रेरक उपचारांना दाद न देणारा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो. तरीही १९८० च्या सुमारास दोन्ही गटांचे मृत्युदर जवळपास सारखेच होते, आणि आज कृष्णवर्णीयांचा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. चार दशकांत शरीर इतके बदलत नाही. या काळात बदलले ते उपचार.

जाता जाता : कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन १९७८ मध्ये काढला गेला. त्यांना दिलेला कृत्रिम स्तन त्यांच्या कातडीच्या मानाने भलताच फिकट होता. त्यांनी तो वापरण्यास नकार दिला आणि १९८० मध्ये ‘द कॅन्सर जर्नल्स’ लिहिले.

फ्रीमन यांनी १९७९ मध्ये हार्लेममध्ये मोफत तपासणी केंद्रे उघडली आणि १९९० मध्ये ‘पेशंट नॅव्हिगेशन’ सुरू केले. तपासणीत गाठ आढळली, की एक वाटाड्या रुग्णाच्या सोबत असे. विम्याचे कागद, पुढची तारीख, मनातली भीती, सारे तो पाही. १९९५ ते २००० मधील ३२५ रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यातील ४१ टक्के निघाले. पाच वर्षे जगणारे ७० टक्के. लवकर निदान झाले की जगण्याचा काळ आकड्यात काहीसा लांबलेला दिसतोच, ही सावधगिरी बाळगूनही फरक मोठा आहे. या ४१ टक्क्यांपुढे पूर्ण स्तन की केवळ गाठ, हा प्रश्न निदान उभा तरी राहू शकत होता.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही आता असे वाटाडे तयार केले जातात. त्यांना नाव दिले आहे, ‘केवट’.