एका किल्लीची हजार कुलुपे

#थ्रेड १/
तळोजा औद्योगिक वसाहतीतून निघालेले कंटेनरवाहू ट्रक रोडपालीजवळून कळंबोलीस येतात आणि पुढे न्हावाशेव्याची वाट धरतात. ही वाट ज्या बंदरापाशी संपते, तेथील एका टर्मिनलचे काम २०१७ च्या जूनअखेरीस अडले. वादळ नव्हते, संपही नव्हता. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश समूहाचे संगणक जगभर एकाच वेळी बंद पडले होते.

२/
२७ जून २०१७ च्या त्या हल्ल्याचे नाव नॉटपेट्या. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधून तो पसरला. त्याच दिवशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हेरिटेज व्हॅली या रुग्णालय समूहाचेही संगणक कोसळले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बंदर आणि रुग्णालय यांत साम्य ते काय? टेबलावरचा संगणक, आणि तो दुरून सांभाळण्याची रीत.

३/
ही रीत फार जुनी नाही. पूर्वी मोठ्या रुग्णालयात संगणक येत ते विभागवार. क्ष-किरण विभागाचा एक, प्रयोगशाळेचा दुसरा, हिशेब खात्याचा तिसरा, आणि एकाचे दुसऱ्याशी जमेलच असे नाही. बिघाड झाला की तंत्रज्ञ सीडी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरे. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. कोणाला प्रवेश द्यायचा, कोणता प्रोग्राम चालू द्यायचा, हे सारे मध्यवर्ती सर्व्हरवरून ठरवणे सोपे झाले. या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

४/
दुसरी युक्ती त्याहून साधी. एक आदर्श संगणक सिद्ध करायचा आणि त्याची हुबेहूब प्रत शेकडो यंत्रांवर उतरवायची. मग रात्रपाळीची परिचारिका कोणत्याही वॉर्डात गेली तरी समोरचा पडदा ओळखीचाच. रुग्णालयात ही केवळ सोय नव्हे. औषधाची मात्रा शोधताना गेलेला एकेक मिनिट तेथे मोजावा लागतो.

५/
हे एकसारखेपण नसले तर काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडचा. १२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये शिरला. २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांना त्याची झळ बसली. त्यांपैकी ३४ न्यासांत प्रत्यक्ष लागण झाली. उरलेल्या ४६ न्यासांत लागण नसूनही कामकाज विस्कळीत झाले. रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९ हजारांहून अधिक.

६/
त्या वेळी सारा दोष जुनाट विंडोज एक्सपीच्या माथी मारला गेला आणि तो समज अद्याप टिकून आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मात्र वेगळेच नोंदवले. लागण झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच उपलब्ध करून दिली होती. ती बसवा, अशा सूचनाही मार्च-एप्रिलमध्ये न्यासांना गेल्या होत्या.

७/
खरी मेख येथे आहे. सूचना पाठवणाऱ्यांना ती कोणी पाळली आणि कोणी नाही, हे कळण्याची व्यवस्थाच नव्हती. प्रत्येक न्यास आपापल्या घरचा धनी. त्यातून एमआरआयसारख्या यंत्रांना जोडलेले संगणक निराळेच. उत्पादकाच्या संमतीवाचून त्यांना हात लावणे अवघड. हल्ल्यापूर्वी ८८ न्यासांची तपासणी झाली होती, आणि तीत एकही उत्तीर्ण झाला नव्हता!

८/
एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने संपूर्ण एनएचएससाठी विंडोज १० चा करार जाहीर केला. यंत्रांवरील धोके केंद्रातून दिसण्याची सोय त्यात होती. वॉनाक्रायपुरता हा उपाय रास्तच.

९/
पण मर्स्ककडे तर मध्यवर्ती व्यवस्था होतीच. नॉटपेट्याने एका संगणकातून पासवर्ड उचलले आणि व्यवस्थापकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटांनीच तो पुढे गेला. किल्ली एकच, कुलुपे हजार. किल्ली चोराच्या हाती लागल्यावर कुलुपांच्या संख्येला अर्थ उरत नाही. कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर पुसले गेले. ते एकमेकांची प्रत ठेवत, म्हणून निराळी प्रत कोणी जपलीच नव्हती.

१०/
वाचला फक्त एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर राहिला. त्यावरील माहिती नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला नेण्यात आली आणि ४५ हजार संगणक, ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे राहिले. वीजकपातीला दुवा देण्याचा असा प्रसंग विरळाच.

११/
महाराष्ट्रात घडले ते याहून निराळे. जे. जे. रुग्णालयासह राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एचएमआयएस ही सामायिक संगणक प्रणाली अनेक वर्षे चालली. २०२२ मध्ये ती बंद झाली आणि डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले. येथे विषाणू नव्हता. प्रश्न सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी असलेल्या व्यवहाराचा होता. केंद्र एक असले म्हणजे ते थांबवणारी सहीही एकच पुरते. इतिहासकारांनी विषाणूंइतकेच करारनामेही वाचावेत, ते एवढ्यासाठी.

१२/
त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हर कुलूपबंद झाले. नोंदणी, दाखला, तपासणी अहवाल, सारे काही सुमारे दोन आठवडे कागदावर आले. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कारण सांगितले गेले ते असे की, जाळ्याचे भाग एकमेकांपासून नीट विलग केलेले नव्हते.

१३/
ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती मात्र परत मिळाली. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवर तिची प्रत होती. घानात जे वीजकपातीने केले, ते दिल्लीत कोणीतरी आधीच करून ठेवले होते.