राखणीचे हत्यार

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत साधारण तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन लहान मुले आणि एक वृद्धा. पिंपरखेड आंबेगावच्या हद्दीला लागूनच आहे. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याने नेमबाज बोलावून एक बिबट्या ठार केला. त्यानंतर शेतात कामाला जाणाऱ्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. असे पट्टे इथे कुत्र्यांच्या गळ्यात असत, ते माणसांच्या गळ्यात आले. अशा दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांतून ‘बंदुकीचा परवाना मिळेल का’ ही विचारणा वाढावी, यात नवल नाही. ज्याला ऐपत आहे तो रिव्हॉल्व्हरचे नाव काढतो. कोणते घ्यावे हा त्याचा प्रश्न असतो. पण घराच्या राखणीसाठी हत्यार कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या मुलखाला निदान दोनशे वर्षे चिकटलेला आहे आणि त्याचे उत्तर दर वेळी घरमालकाऐवजी सत्तेने दिले आहे.

शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे गड आणि नाणेघाटासारख्या वाटा राखणारी माणसे बहुतेक इथलीच होती. महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे घाटवाटांचा आणि गडांच्या मेटांचा पहारा असे. त्यासाठी त्यांना वतन मिळे आणि हत्यार घरात असे. त्यात तोड्याची बंदूकही होती, पण तिच्यावर कोणी फार विसंबत नसावे. या बंदुकीला जळता दोर लागतो. नळीत दारू ठासायची, गोळी सारायची, कानात बारीक दारू घालायची आणि मग तोडा टेकवायचा. नाणेघाटाच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर जो पाऊस कोसळतो त्यात दोर पेटता राहत नाही आणि दारू कोरडी राहत नाही. शिवाय अंधारात तोड्याचा निखारा दुरून दिसतो आणि राखणदार कुठे बसला आहे ते येणाऱ्याला आधीच कळते. म्हणून पावसाळ्याचे चार महिने भाला, तलवार, कोयता आणि गोफण यांवरच राखण चाले. खरी भिस्त होती ती रात्रभर जागणाऱ्या माणसांवर. तटबंदीचेही तेच. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नर शहर लुटले तेव्हा मावळे रात्री दोराच्या शिड्यांनी भिंत चढून आत उतरले होते. त्या रात्री तीन लाख होन आणि दोनशे घोडे गेले.

१८१८ नंतर इंग्रजांनी गड मोडले आणि गडकऱ्यांचे काम संपले. पहाऱ्याचे पगार आणि हक्क आटले. ज्याच्या हाती कालपर्यंत राखण होती तोच आता सरकारच्या लेखी संशयित झाला. १८२८ ते १८३० या काळात कोळ्यांनी बंड केले. पुढे राघोजी भांगरे उठला. त्याला १८४८ साली ठाण्यात फाशी दिली गेली.

मग १८५७ आले आणि सरकारला याच माणसांची गरज पडली. कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांचे एक दळ उभे केले. बांबळे कुळाचा नाईक जावजी त्याचा प्रमुख झाला. कवायत शिकवायला एका नावाजलेल्या दरोडेखोराला माफी देऊन नेमले. काही महिन्यांत संख्या सहाशेवर गेली. सुरुवातीला माणसे आपापल्या तलवारी घेऊन आली होती. पुढे त्यांना हिरवे फेटे, हिरवे अंगरखे आणि संगीन लावलेली हलकी बंदूक मिळाली. १८६१च्या मार्चमध्ये दळ मोडले. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे शेतावर आणि मजुरीवर परतले. सरकारला हवे तेव्हा बंदूक दिली आणि काम झाल्यावर परत घेतली, हा या मागोव्यातला मला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. त्यानंतरच्या प्रत्येक परवान्यात त्याची सावली आहे.

बारा वर्षांनी, १८७३ साली, आंबेगावच्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले उभा राहिला. दप्तरात त्याचे नाव होन्या असे येते. तो खाऊनपिऊन सुखी घरचा होता. त्याने पुणे, नगर, नाशिकच्या डोंगरपट्ट्यातल्या सावकारांची घरे लुटली आणि कित्येकांची नाके कापली. त्याच्यावर हजार रुपयांचे इनाम होते. मोठी सशस्त्र तुकडी मागावर असूनही तो ऑगस्ट १८७६ पर्यंत सापडला नाही. मधल्या काळात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि दख्खनचा दंगा पसरला. त्या वेळी घर वाचवायची धास्ती सर्वांत जास्त होती ती सावकाराला. कर्जात बुडालेल्या कुणब्याकडे आणि कोळ्याकडे चोराने न्यावे असे काय उरले होते?

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला आणि परवाना सक्तीचा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्यांच्या बंडाला आपापल्या घरची हत्यारे घेऊन आलेल्या रामोशी आणि कोळ्यांचा आधार होता. परवाना द्यायचा तर अर्जदार सरकारला भरवशाचा वाटला पाहिजे. भरवसा म्हणजे जमीन, सारा, ओळख आणि साहेबाशी बरे संबंध. त्यामुळे गावात बंदूक राहिली ती वाड्यात. डोंगरातल्या झापात राहिला कोयता. आजही गावोगाव ‘परवानाधारक’ म्हणताना आवाजात जो मान उतरतो, त्याचे मूळ माझ्या मते इथे आहे. बंदूक राखणीसाठी मागायची आणि प्रतिष्ठेसाठी मिरवायची, ही सवय त्या कायद्याने लावली.

राष्ट्रीय चळवळीला हा कायदा बोचत होता. १९३१च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. ती नाकारली गेली आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. मग १९५९चा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात इथल्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी एक सवलत आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांना परवाना देण्याचा कल कायद्यातच ठेवला आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांसाठी मात्र अर्जदाराने सबळ कारण दाखवावे लागते. रानडुकरांपासून भुईमूग वाचवणाऱ्याची ठासणीची आणि बागायतदाराची बारा बोअरची, अशी परवान्याच्या बंदुकांची दोन कुळे त्यातून झाली. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघते. तेवढे दिवस घराची राखण कशाने होते, हे परवानाधारकाने स्वतःला एकदा विचारून पाहावे.

डोंगराकडच्या गावांना आणखी एक अट लागली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपले शस्त्र वनखात्याकडे नोंदवावे लागते आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय तिथे नवा परवाना मिळत नाही. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले आणि पश्चिम आंबेगावातली कित्येक गावे या कक्षेत आली. गडांचा पहारा करणाऱ्यांच्या वंशजांना बंदुकीसाठी आता दोन खात्यांची दारे ठोठवावी लागतात.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे ते आले गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेवरून, बहुधा वेब्ली बनावटीचे. १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यावर जुन्या विलायती हत्यारांचे भाव भडकले. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेले आहे. मधून मोडते, सहा गोळ्या घेते. जानेवारी २०१४ मध्ये तिथूनच ‘निर्भीक’ आले. स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत एक लाख बावीस हजार रुपयांच्या घरात. त्या पैशात वस्तीभोवती जाळीचे कुंपण आणि अंगणात दिवे होतात, हा हिशेब जाहिरातीत नव्हता.

रिव्हॉल्व्हर हे माणसाने माणसावर, चारसहा पावलांवरून चालवायचे हत्यार आहे. उसातून झेपावणाऱ्या बिबट्यापुढे ते कुचकामी ठरते. तो मागून येतो, बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसावर आणि लहान मुलावर येतो आणि पिस्तुलाच्या गोळीने जखमी झाला तर सगळ्या वाडीला धोका होतो. जीव वाचवण्यासाठी नाइलाजाने बिबट्या मारला गेला तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली तो गुन्हा होत नाही, हे खरे. पण त्या क्षणी हत्यार हातात असायला हवे आणि कायद्याप्रमाणे व शहाणपणाने ते असते कुलपात, काडतुसे वेगळी ठेवून. दरोड्याचेही असेच. रात्रीच्या घरफोडीत घरमालकाला स्वसंरक्षणाचा मोठा हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, आता न्याय संहितेत आहे. पण एका खोलीत पाच माणसे झोपलेल्या घरात अंधारात गोळी कोणाला लागेल? ज्याला खरोखर धमकी आहे, ज्याच्या जिवावर माणूस टपला आहे, त्याने परवाना जरूर मागावा. नियमाप्रमाणे प्रशिक्षण घ्यावे आणि ते कागदापुरते ठेवू नये. बिबट्यासाठी मात्र रिव्हॉल्व्हर घेऊ नये.

बिबट्या मळ्यात आला तो पाण्याबरोबर. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, जिरायतीचा ऊस झाला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. गावठाणातली घरे उठून मळ्यात गेली. पूर्वी एका आळीत पन्नास घरे एकमेकांना हाक मारायची. आता एका वस्तीवर दोन घरे आणि भोवती पुरुषभर उंचीचा ऊस. जागल्या गेला, नाईक गेला, राखणीचे वतन गेले. ती पोकळी भरायला माणूस बंदुकीकडे बघतो आहे.

२००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत याच भागात शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच दुसरीकडे सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. पिंजरा लावला की सुरक्षित झालो, हा समज त्या आकड्यांनी मोडला. बंदुकीबद्दलचा समजही तितकाच कच्चा आहे.

म्हणून अर्ज करायचाच तर पहिला अर्ज महावितरणकडे करावा. दिवसा थ्री-फेज वीज मिळाली तर रात्री पाणी धरायला उसात जावे लागत नाही. दुसरा अर्ज ग्रामपंचायतीकडे, वस्तीवरच्या दिव्यांसाठी आणि घरालगतच्या शौचालयासाठी. गोठा बंदिस्त करा, मुलांना संध्याकाळी एकटे सोडू नका, घराभोवतीचा ऊस दहा-पंधरा फूट मागे घ्या. हे सगळे करूनही परवाना हवा असेल तर मागा. नाकारला गेला तर कारणे लेखी मिळण्याचा आणि अपील करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे, तो सोडू नका.